आपला कोण?

आमच्या सोसायटीत मारामारी बघायला माणसं बोलवावी लागत नाहीत. एका पावसाळ्यात पार्किंगमधल्या खांबावरून दोन सभासदांत जुंपली, तर दीड मिनिटात सातही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही, त्यांना सुनेने खुर्ची आणून दिली. हातघाईवर काहीच आलं नाही. एकाने दुसऱ्याच्या स्कूटरचा आरसा वाकवला, दुसऱ्याने "हात लावून दाखव" असं सात-आठ वेळा बजावलं आणि दोघंही हात न लावता आपापल्या घरी गेले. पण तो विषय आम्हाला दिवाळीपर्यंत पुरला.

त्याच सोसायटीत 14 सप्टेंबर 2025 च्या रविवारी सकाळी मी बॉक्सिंगची त्या वर्षातली सगळ्यात गाजावाजा झालेली लढत दाखवायचं ठरवलं. आमच्या हॉलमध्ये, मोठ्या टीव्हीवर, फुकट, वर कांदेपोहे. पोहे वीस जणांचे भिजवायचे की पंचवीस, यावर आदल्या रात्री घरात बोलणं झालं. आली पाच माणसं. मला धरून.

लास वेगासची शनिवारची रात्र म्हणजे ठाण्यातल्या पाचपाखाडीतली रविवारची सकाळ. कनेलो अल्वारेझ विरुद्ध टेरेन्स क्रॉफर्ड. तिथल्या स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर लोक तिकीट काढून बसलेले. क्रॉफर्ड स्वतःचा वजनगट सोडून दोन गट वर चढून आलेला, म्हणजे आपल्याकडे सत्तर किलोच्या पैलवानाने शहात्तर किलोवाल्याच्या अंगाला माती लावायला जावं तसं. मी सोसायटीच्या ग्रुपवर आगीची तीन चित्रं टाकून लिहिलं, "महामुकाबला! रविवार सकाळ! चुकवू नका!" सेक्रेटरींचं पहिलं उत्तर आलं, "मॅच रात्री आठला आहे. सकाळी कुठली?" आशिया चषकातली भारत-पाकिस्तान मॅच त्याच दिवशी दुबईत होती. ज्याला आपल्याच मुहूर्तावर शेजारच्या मांडवात काय आहे हे माहीत नसतं, त्याने प्रमोटर होऊ नये. दुसरं उत्तर आलं, "पितृपंधरवड्यात कशाला?" मग तीन अंगठे आले. अंगठा देणारा माणूस येत नसतो, हे सत्यनारायणाच्या पूजेपासून ठाऊक असूनही मी ते तीन धरून चाललो होतो. बाकीची जनता येऊरच्या रस्त्यावर फिरायला आणि तिथून परस्पर मिसळीच्या रांगेत.

तर पाच जण. मी, बायको (घर तिचंच, तिला मोजावं की नाही हा प्रश्नच आहे), पार्किंगच्या लढतीतला तो आरसा वाकवणारा, कळव्याहून आलेला माझा भाचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकू सत्तरीच्या. पोह्यांची डिश हातात घेऊन सोफ्यावर बसल्या, टीव्हीकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "यात आपला कोण?"

"आपला कोणी नाही काकू. एक मेक्सिकोचा, एक अमेरिकेचा."

"मग बघायचं काय?"

मी सरसावून सांगायला लागलो. वजनगट काय, पट्टे काय, हा डावखुरा, तो अंगावर मारतो. काकू पोहे खात होत्या. शेवटी हताश होऊन म्हटलं, "त्या लालसर केसांच्याला कनेलो म्हणतात. टोपणनाव आहे. स्पॅनिशमध्ये कनेला म्हणजे दालचिनी."

"दालचिनी?" काकूंनी चमचा थांबवला. "अगंबाई! मग मी दालचिनीच्या बाजूने."

एवढ्या पैशाच्या त्या धंद्याला जे जमत नाही ते मसाल्याच्या डब्याने केलं. पुढचा पाऊण तास काकू जागच्या हलल्या नाहीत.

वडिलांचं गाव साताऱ्याकडचं. तिथल्या जत्रेतला कुस्त्यांचा फड मी लहानपणी पाहिला आहे. सकाळी रेवड्यांवरच्या कुस्त्या, पोराटोरांच्या. दुपार कलली की मोठ्या जोडी. जोड लावणारे म्हातारे फेटे बांधून मैदानात उभे, हा कुणाचा, तो कुणाचा, कुठल्या वस्तादाच्या हाताखालचा, मागच्या वर्षी कुणाकडून चितपट झाला, सगळं त्यांना तोंडपाठ. हलगी वाजायच्या आधीच चार गावांत बातमी पोचलेली असे. पोस्टर नाही, जाहिरात नाही. पैलवानाच्या नावापुढे गावाचं नाव लागलं की अख्खं गाव ट्रॅक्टरमध्ये भरून हजर. नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेली, झाली तर ती कशी ओळखायची, हेही त्यांना कळायचं आणि मग फडात चपला पडायच्या.

व्यावसायिक बॉक्सिंगने नेमकं हेच घालवलं आहे. कुणाचा कोण, हेच कळेनासं झालंय. जगज्जेतेपद वाटणाऱ्या मोठ्या संघटना चार आणि वजनगट सतरा. मनातल्या मनात गुणाकार करा. अडुसष्ट विश्वविजेते! त्यातल्या एका संघटनेकडे तर एकाच गटात साधा विजेता वेगळा आणि 'सुपर' विजेता वेगळा. गणपतीत ठाण्यात फिरावं तर या नाक्याचा राजा, त्या पाड्याचा महाराजा, पुलाखालचा सम्राट. पण तिथे निदान मूर्ती एकाच देवाची असते. हेवीवेट या सगळ्यात वजनदार गटात चारही संघटनांचे पट्टे एकाच्या कमरेला लागले ते मे 2024 मध्ये, युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने रियाधला टायसन फ्युरीला हरवलं तेव्हा. त्याआधीचा निर्विवाद राजा झाला होता 1999 मध्ये, लेनॉक्स लुईस. पंचवीस वर्षांनी एक राजा मिळाला आणि दीड महिन्याच्या आत त्यातला एक पट्टा त्याच्याकडून गेलासुद्धा. हरून नाही, नियमांपायी. आता हे काकूंना कसं समजावणार?

"पहिली फेरी कोण जिंकलं?" काकूंनी विचारलं.

"ते पंच ठरवतात, शेवटी सांगतात."

"म्हणजे रिझल्ट राखून ठेवलाय."

आणि मोठी जोड लावायची म्हटली की यांची बोलणी! फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅक्याओ यांची लढत व्हावी असं 2009 पासून सगळे म्हणत होते. दोघंही ऐन बहरात. बोलणी बसली, उठली, पुन्हा बसली. कुणाला किती मिळणार, कुणाचं नाव आधी. मेवेदरचं म्हणणं, मुलाचं, म्हणजे पॅक्याओचं, रक्त उत्तेजकांसाठी कधीही, न सांगता तपासणार. पॅक्याओकडचे त्याला तयार होईनात. ठरत आलेलं लग्न रक्त तपासण्यावरून मोडलं. शिवाय एक एचबीओ या अमेरिकन चॅनेलचा, दुसरा शोटाइम या चॅनेलचा, म्हणजे दोन्हीकडचे भटजी वेगळे. शेवटी कार्य पार पडलं 2 मे 2015 ला, तेव्हा नवरदेव अडतीस आणि छत्तीस वर्षांचे होते. घरात बसून बघायचे शंभर डॉलर, म्हणजे तेव्हाचे सहा हजार रुपये. अमेरिकेत 46 लाख वेळा ती लढत विकली गेली, विक्रमच झाला. मी रविवारी सकाळी बसून पाहिली. बारा फेऱ्या खडाखडी. एक पुढे येतोय, दुसरा निसटतोय. कोणी पडलं नाही, कोणी डगमगलं नाही. नंतर पॅक्याओने सांगितलं, खांदा आधीच दुखावला होता. आता सांगतोयस? सहा वर्षं उपाशी ठेवून जेवायला बसवलं आणि पानात फक्त मीठ-लिंबू वाढलं, तर तो पाहुणा पुढच्या कार्याला येत नाही. एचबीओने 2018 साली, पंचेचाळीस वर्षांनंतर, बॉक्सिंग दाखवणं बंद केलं. पुढे 2023 अखेर शोटाइमनेही.

भाच्याचं मत वेगळं. त्याला यातलं कुणीच माहीत नव्हतं, पण जेक पॉल माहीत होता. यूट्यूबवरचा. हा जेक पॉल नोव्हेंबर 2024 मध्ये माइक टायसनशी लढला. पॉल सत्तावीस वर्षांचा, टायसन अठ्ठावन्न. आमच्या गावच्या जोड लावणाऱ्यांनी अशी जोड लावली असती तर त्यांचे फेटे उतरवले असते. पण नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार सहा कोटी घरांत ती लढत लागली होती. "अरे, पण ती काय लढत होती का?" मी म्हटलं. "मामा, लढत कोण बघतंय," भाचा म्हणाला, "जेक हरतोय का ते बघायचं होतं." मी गप्प बसलो. पोराने माझ्यापेक्षा कमी शब्दांत धंदा सांगितला होता. त्याच रात्री, मोठ्या लढतीच्या आधी, रेवड्यांच्या कुस्त्यांमध्ये आपला नीरज गोयत ब्राझीलच्या एका विनोदवीराशी लढून जिंकला होता. तेही भाच्याला ठाऊक होतं. मला नव्हतं.

आवडायला हवं म्हणून हे लोक काय नाही करत. महंमद अलीने बढाया मारायची कला उचलली ती गॉर्जस जॉर्ज नावाच्या नाटकी कुस्तीगिराकडून. 1961 मध्ये लास वेगासलाच त्याला पाहून अलीच्या लक्षात आलं की लोक तोंडाळ माणसाला हरताना बघायला पैसे मोजतात. म्हणजे भाचा म्हणतो तेच. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये कामाला होते आणि अलीचे भक्त होते. मार्च 1971 मध्ये अली जो फ्रेझरकडून हरला. ठाण्यात टीव्ही कुठला? मुंबई दूरदर्शनच ऑक्टोबर 1972 चं. वडिलांनी ती लढत वर्तमानपत्रात वाचली, बस्स. पण पंधराव्या फेरीत फ्रेझरचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, कसा बसला आणि अली कसा पाठीवर आदळून पुन्हा उठला, हे ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून करून दाखवत. पडताना चौकटीला धरत, एवढाच फरक. पुढे मी ते चित्रीकरण पाहिलं. वडिलांचा अली जास्त चांगला पडायचा.

मला स्वतःला एकदाच ते वेड लागलं होतं. 5 ऑगस्ट 2017, वरळीचं एनएससीआय स्टेडियम, विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमैतिअली. तेव्हा डोकलाममध्ये दोन्ही देशांचं सैन्य समोरासमोर उभं होतं. प्रमोटरला आयती हलगी मिळाली. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला हुक आणि जॅब या ठोशांतलं काही कळत नव्हतं, पण दहाही फेऱ्या तो उभा होता, आणि तो उभा म्हणून मीही. विजेंदर जिंकला आणि सीमेवर शांतता नांदावी म्हणून हा पट्टा परत द्यायला तयार आहे असं म्हणाला, तेव्हा जरा चुटपुटच लागली. आम्ही भांडायला आलो होतो. त्यानंतर मी विजेंदरची एकही लढत पाहिली नाही. मार्च 2021 मध्ये पणजीत कॅसिनोच्या जहाजाच्या गच्चीवर व्यावसायिक कारकिर्दीत तो पहिल्यांदा हरला, हे मला दोन दिवसांनी कळलं.

इकडे बारा फेऱ्या संपल्या. क्रॉफर्ड सुरेख खेळला होता, पाय कसे टाकावेत याचा वस्तुपाठच, पण हॉलमध्ये ते कळणारा मी एकटा. आरसा वाकवणारे गृहस्थ सहाव्या फेरीतच दूध आणायला गेले होते. तिन्ही पंचांचा कौल क्रॉफर्डकडे गेला.

"दालचिनी हरला?" काकू खरंच नाराज झाल्या. "एकदाही पडला नाही आणि हरला?"

"गुणांवर."

"असले गुण दहावीत देतात." त्यांनी डिश बेसिनमध्ये ठेवली. दारात थांबून म्हणाल्या, "पुढच्या वेळी असेल तर सांग." ही लढत जगभरात चार कोटींहून जास्त लोकांनी पाहिल्याचं नेटफ्लिक्सने नंतर जाहीर केलं. त्यातल्या काकू माझ्या खात्यावर.

रात्री आठला सगळी सोसायटी खाली जमली. सेक्रेटरींच्या ओळखीने पडदा आला, खुर्च्या कमी पडल्या, वडे आले. नाणेफेकीला कप्तानांनी हस्तांदोलन केलं नाही, सामना संपल्यावर आपले खेळाडू हात न मिळवता सरळ आत गेले, आणि त्यावर जी चर्चा रंगली ती प्रत्यक्ष खेळावर नाही रंगली. सकाळी बारा फेऱ्या एकमेकांची नाकं फोडायला निघालेल्या दोघांचं काय झालं, हे विचारायचं कुणाच्या मनातही नव्हतं. उरलेल्या पोह्यांचं काय केलं, हे मात्र दोघांनी विचारलं.

सोमवारी सकाळी पेपर उघडला. खेळाचं पान हस्तांदोलनाने भरलेलं. खाली कोपऱ्यात दोन बोटांची बातमी. लिव्हरपूलला जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत भिवानीच्या जास्मिन लांबोरियाने शनिवारी रात्री उशिरा सुवर्णपदक जिंकलं होतं, पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवणाऱ्या पोलंडच्या मुलीला हरवून. आणि रविवारी रोहतककडच्या मीनाक्षी हुड्डाने दुसरं. म्हणजे मी पोहे भिजवत होतो त्याच्या आगेमागे.

लिफ्टमध्ये काकू भेटल्या. मी पेपर पुढे केला. त्यांनी चष्मा वर-खाली करून बातमी वाचली.

"ही मीनाक्षी काय करते?"

"बॉक्सर आहे. वडील रिक्षा चालवतात."

"रिक्षावाल्याची पोर जगात पहिली आली?" तळमजला आला, दार उघडलं, तरी काकू बाहेर पडेनात. "आणि तू मला सकाळभर दालचिनी दाखवत बसलास?"