मे की सप्टेंबर? स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरची वर्षभराची गोल्फवही

काल रात्री पुण्यातल्या दोन मित्रांना इथे गोल्फ खेळायला येण्याच्या तारखा कळवल्या: १८ ते २७ मे २०२६. दोघेही शाळेपासूनचे मित्र, येरवड्याच्या कोर्सवर माझ्याबरोबरच गोल्फ शिकलेले. अस्सल लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरच्या गोल्फ कोर्सवर, दोघांनीही अजून पाऊल ठेवलेलं नाही. "तू तिथेच राहतोस, महिना तूच ठरव," असं त्यांनी मागच्या दिवाळीत सांगितलं. ती जबाबदारी मी हलकी घेतली नाही. एवढा विमानखर्च, व्हिसा, रजा हे सगळं जमवून माणूस आयुष्यात एकदा येतो. तेव्हा त्याला इथली जमीन तिच्या खऱ्या रूपात भेटायला हवी.

मी एडिंबरात राहतो. २०२५ मध्ये जमेल तेव्हा नॉर्थ बर्विक, डनबार, सेंट अँड्र्यूज आणि कार्नूस्टीला खेळलो. प्रत्येक फेरीनंतर वहीत चार रकाने भरले: वारा कुठून होता, जमीन किती टणक होती, किती बॉल हरवले, आणि शेवटच्या होलवर उजेड किती उरला होता. स्कोअर पाचव्या रकान्यात. वर्षाच्या सुरुवातीला हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २४.१ होता, आता १९.८ आहे. त्यातला बराचसा फरक स्विंगमुळे नाही, जमीन वाचायला शिकल्यामुळे पडलाय असं मला मनापासून वाटतं.

जमीन मोजायला मी एकच होल पक्कं धरलं: नॉर्थ बर्विकच्या वेस्ट लिंक्सचं पंधरावं, रेडॅन. साधारण १९० यार्डांचं पार ३, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं होल. ग्रीन (झेंड्याभोवतीचं बारीक कातरलेलं गवत) पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरत जातं आणि डावीकडे खोल बंकर (वाळूचे खड्डे) आ वासून असतात. झेंड्यावर थेट मारण्यात अर्थ नाही. बॉल उजवीकडे, थोडा अलीकडे टाकायचा आणि उतारावरून घरंगळत डावीकडे जाऊ द्यायचा. जगभरात या होलच्या प्रतिकृती आहेत. चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड यांनी अमेरिकेतल्या नॅशनल गोल्फ लिंक्सचं चौथं होल याच धर्तीवर बांधलं. पण हे होल सांगितल्यासारखं वागायला जमीन टणक लागते. म्हणून टप्पा पडल्यावर बॉल किती पावलं पळाला, हे दर वेळी चालत मोजून लिहिलं.

जानेवारी. ३ अंश, पश्चिमेचा वारा. रेडॅनवर बॉल पडला आणि ४ पावलांत थांबला. गार हवा दाट असते, हातही आखडलेले असतात. माझ्या ७ नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) एरवी १४० यार्ड जातात, तिथे १२५ सुद्धा जाईनात. चारच्या सुमाराला अंधार. समोर समुद्रातला बास रॉक हा खडक काळाभोर, तिथे वसणारे गॅनेट पक्षी अजून परतलेले नव्हते. तरी हिवाळ्याची एक बाजू सांगायलाच हवी. त्या आठवड्यात एडिंबरातले झाडांमधले कोर्स चिखलाने बंद होते, आणि किनाऱ्यावर आम्ही कोरड्या बुटांनी अठरा होल खेळलो. खाली सगळी वाळू, पाणी थांबतच नाही. कोकणातल्या पुळणीवर पावसाची सर ओसरल्यावर दहा मिनिटांत पाय भिजत नाहीत, तसंच. खेळायचं भाडंही फार कमी. इथे राहणाऱ्याने हिवाळा सोडू नये, पण भारतातून येणाऱ्याने हिवाळ्यात येऊ नये. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर नोव्हेंबर ते मार्च फेअरवेवरचा (ग्रीनपर्यंतच्या कातरलेल्या पट्ट्यावरचा) फटका छोट्या चटईवर बॉल ठेवून मारावा लागतो. गवत वाचवण्यासाठी ते योग्यच आहे. पण त्या जमिनीला बॉलखाली अनुभवायला आलेल्या माणसाच्या पदरी त्यातून काय पडणार?

मार्चची नोंद एका ओळीची आहे, पण महत्त्वाची. एका कोर्सवर पोहोचलो तर सगळ्या ग्रीन्सना भोकं पाडून वर वाळू पसरलेली. बुकिंग करताना कुणी काही बोललं नव्हतं. पुढचे दोन आठवडे तिथे बॉल थरथरत जाणार होता. तेव्हापासून पैसे भरण्याआधी ग्रीन्सच्या कामाचं वेळापत्रक मी लेखी मागून घेतो.

एप्रिलपासून वही एकदम जाड व्हायला लागली. या किनाऱ्यावर वसंत हा बहुधा वर्षातला सगळ्यात कोरडा काळ, आणि २०२५ चा वसंत तर स्कॉटलंडमध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत लख्ख उन्हाचा ठरला. गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरून गेली. त्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. डनबारला पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला आमच्या रत्नागिरीच्या घरामागे खोबरं वाळत घातलेलं आठवलं, आणि टी शॉट (होलचा पहिला फटका) बाजूला ठेवून मी नुसता उभा राहिलो.

पण एप्रिल–मेचा शत्रूही याच किनाऱ्यावर आहे. त्याला इथे 'हार' म्हणतात: समुद्रावरून येणारं धुकं. उत्तर समुद्राचं पाणी मार्चमध्ये ६–७ अंशांवर असतं आणि ते फार सावकाश तापतं. वसंतात पूर्वेकडून उबदार दमट हवा त्या गार पाण्यावरून सरकली की खालून थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचं धुकं बनतं आणि वारा ते किनाऱ्यावर लोटतो. २६ एप्रिलला सेंट अँड्र्यूजच्या न्यू कोर्सवर आठव्या होलपर्यंत लख्ख ऊन होतं. नवव्यावर शंभर यार्डांपुढचं दिसेना. गंमत अशी की चार–पाच मैल आत शेतांवर तेव्हाही ऊनच होतं. म्हणून मित्रांच्या कार्यक्रमात एक दिवस कोरा ठेवलाय. त्या दिवशी हार आला तर आतल्या बाजूच्या एखाद्या कोर्सवर जायचं, नाही आला तर किनाऱ्यावर जादा फेरी.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते, ते मला या वहीत पुन्हा भेटले. मेमधल्या निरभ्र दिवशी सकाळी हवा पडलेली असते. अकराच्या सुमाराला जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुरू होतो. नॉर्थ बर्विकला जाण्याचा मार्ग पश्चिमेकडे आणि परतीचा पूर्वेकडे. नेहमीचा पश्चिमेचा वारा असेल तर आधी झुंजायचं आणि मग वाऱ्यावर स्वार होऊन घरी यायचं. पूर्वेचा वारा हे सगळं उलटं करतो. पहिले नऊ होल फुलासारखे वाटतात, तेराव्याची दगडी भिंत ओलांडून पुढे आलं की प्रत्येक फटका छातीवर. मेमध्ये मी एकाच आठवड्यात हे दोन्ही खेळलो. एका कोर्सच्या पैशात दोन कोर्स पाहायला मिळाले म्हणा ना.

मेच्या शेवटच्या आठवड्यातली नोंद जशीच्या तशी उतरवतो: "रेडॅन, ५ नंबरचं आयर्न, ग्रीनच्या अलीकडे उजवीकडे टप्पा. २१ पावलं पळाला. झेंड्यापासून बारा फूट. रफ अजून घोट्याच्या खाली. हरवलेले बॉल २. साडेनऊला अठरावं संपवलं, तरी उजेड. बास रॉक पक्ष्यांनी पांढरा."

या नोंदीतली सगळ्यात मोलाची गोष्ट रफची, म्हणजे फेअरवेबाहेर वाढू दिलेल्या गवताची आहे. जून सरता सरता लिंक्सचं लांब गवत गुडघ्याला लागतं, भाताच्या लोंब्यांसारखं वाऱ्यावर डोलतं. दिसतं फार सुंदर. पण वीस–पंचवीस हँडिकॅपच्या खेळाडूची निम्मी फेरी बॉल शोधण्यात जाते. ५ जुलैला कार्नूस्टीला माझे ७ बॉल गेले, त्यातले दोन बॅरी बर्नच्या पाण्यात. अठराव्यावर हा ओढा वाट अडवतो तिथे उभं राहिलं की १९९९ च्या ओपन या मोठ्या स्पर्धेतला गोल्फपटू ज्याँ व्हॅन द व्हेल्ड आठवतोच. तीन फटक्यांची आघाडी घेऊन आलेला माणूस याच पाण्यात बूट काढून उतरला होता. जून–जुलैत दिवस साडेसतरा तासांचा असतो, रात्री दहाला सूर्य मावळतो, मनात आणलं तर दिवसात दोन फेऱ्या आरामात. पण गर्दी आणि भाडी शिखरावर. ऑगस्टमध्ये एडिंबरात महोत्सव असतो, तेव्हा राहण्याचे दर ऐकून परत फिरावंसं वाटतं. त्याच महिन्यात, ४ ऑगस्टला, फ्लोरिस वादळ येऊन गेलं. म्हणजे कॅलेंडरवर उन्हाळा आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही. आणि जे २०२७ चा विचार करताहेत त्यांनी लक्षात ठेवा, त्या जुलैत ओपन सेंट अँड्र्यूजलाच आहे.

आता सप्टेंबर. माझ्यापुरता प्रश्न असता तर मी डोळे मिटून सप्टेंबरचा दुसरा आठवडा निवडला असता. समुद्र १३–१४ अंशांपर्यंत तापलेला, त्यामुळे हार क्वचितच. फेस्क्यू गवताचे फेअरवे उन्हाळाभर भाजून सोनेरी झालेले. रफ वाळून विरळ झालेला, बॉल सापडतो आणि मारताही येतो. १३ सप्टेंबरला रेडॅनवर बॉल २६ पावलं पळाला, आणि त्याच दिवशी माझा वर्षातला सर्वोत्तम स्कोअर लागला, ८८. उताराच्या उन्हात लिंक्सच्या जमिनीवरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. भर दुपारी सपाट वाटणारी जमीन संध्याकाळी सहाला एखाद्या लहरींच्या पटासारखी दिसते.

मग मित्रांना सप्टेंबर का दिला नाही? पहिलं कारण गणपती. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ ला. एकाच्या घरी दहा दिवसांचा गणपती, दुसरा त्याच्या सोसायटीच्या मंडळात. त्या दिवसांत त्यांना घराबाहेर काढणं मला पटत नाही. २५ नंतर म्हणावं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा असते, सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी आणि किंग्सबार्न्स या तिन्ही ठिकाणी. तो आठवडा पाहुण्यांसाठी गेला म्हणून समजा. शिवाय २०२५ मध्ये त्याच दिवसांत एमी वादळ आलं आणि ती स्पर्धा ५४ होलांवर आटोपती घ्यावी लागली. सप्टेंबरातच आर अँड ए या सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ क्लबची शरदातली सभा असते, तेव्हाही ओल्ड कोर्सवर बाहेरच्यांना वेळा कमी उरतात. आणि अखेरीला दिवस बारा तासांवर येतो. साडेचार तासांची एक फेरी, जेवण, प्रवास, झाला दिवस.

मेच्या उत्तरार्धात त्यांना शाळांची सुट्टी, इथे पावणेदहापर्यंत उजेड, रफ अजून लहान, जमीन पळायला लागलेली, आणि ओल्ड कोर्सवर खेळायची वेळ ज्या सोडतीतून मिळते तिच्यात नाव घालायला पुरेसे दिवस. ही सोडत खेळायच्या दिवसाच्या ४८ तास आधी निघते. किमान दोघांनी मिळून नाव द्यायचं असतं. रविवारी कोर्स बंद, म्हणून २४ तारीख त्यातून वजा. सेंट अँड्र्यूजला आम्ही पाच रात्री राहतोय, म्हणजे चार वेळा नशीब अजमावता येईल. उन्हाळी भाडं माणशी ३०० पौंडांच्या वर आहे, ते तिघांनीही मनाशी धरलंय. हँडिकॅपचा दाखला बरोबर आणायचा, आणि चालायची सवय आतापासूनच करायची, कारण तिथे गोल्फ कार्टचा विचारच करायचा नाही.

दोघांना सराव लिहून दिलाय. पुण्यात आपण बॉल उंच उडवून ग्रीनवर टपकन थांबवायला शिकतो. इथे त्या फटक्याला वारा उचलून नेतो आणि टणक जमीन पुढे ढकलते. एप्रिलमध्ये येरवड्याला कडेच्या ज्या जागा पाण्याविना वाळून कडक होतात, नेमक्या तिथूनच ७ आयर्नने बुटका, सरपटणारा फटका रोज पन्नास वेळा. ग्रीनबाहेर वीस यार्डांवरूनही पटरच (बॉल जमिनीवरून लोटायची काठी) वापरायचा. ओल्ड कोर्सच्या अठराव्या ग्रीनच्या पुढच्या कडेला व्हॅली ऑफ सिन नावाचा खोलगट भाग आहे, तिथे हाच फटका कामी येतो. लॉब वेज (बॉल उंच उडवायची काठी) घरी ठेवा म्हटलं. एकाने लगेच मान्य केलं. दुसरा म्हणतो, "अरे, एखाद्या बंकरपुरता तरी असू दे." बरं, असू दे.

रविवारी २४ ला ओल्ड कोर्सवर नुसतं चालायला जाणार आहोत. त्या दिवशी तो सगळ्यांसाठी खुला असतो. गावकरी कुत्री घेऊन फिरतात, मुलं स्विल्कन पुलावर फोटो काढतात. गोल्फच्या काठ्यांशिवाय, घाई नसताना, सतराव्याच्या रोड बंकरच्या काठावर उभं राहून त्याची खोली डोळ्यांत भरून घ्यायची. सोडत लागली तर सोमवारी तिथेच खेळायचं असेल.

राहिलेली कामं: दोघांच्या व्हिसाचे अर्ज फेब्रुवारीत. तीन कोर्सेसकडून ग्रीन्सचं वेळापत्रक आलंय, चौथ्याचं बाकी. रेडॅनवर पुढची मोजणी फेब्रुवारीअखेर, गॅनेट बास रॉकवर परतायला लागले की.