हरीण आणि कायोटी, रायफल एकच: काडतूस निवडताना

बालेवाडीच्या रेंजवर .२२ रायफल (हा आकडा म्हणजे नळीच्या भोकाचा इंचातला अंदाजे व्यास) चालवून हात बसलेली आणि आता टेक्सास-कोलोराडोकडे स्थिरावलेली बरीच पुणेकर मंडळी आहेत. त्यांचा प्रश्न ठरलेला: हरणासाठी आणि कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी), प्रेअरी डॉग (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला) असल्या उपद्रवी प्राण्यांसाठी मिळून एकच रायफल घ्यायची, तर काडतूस कोणतं? (आपल्याकडे हा प्रश्न येतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार कधीच बंद केली.)

माझं उत्तर .२४३ विंचेस्टर. पण काडतुसाच्या नावाआधी नळीचा पीळ बघा, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या सर्पिल खाचा.

१९५५ मध्ये दोन ६ मिलिमीटर काडतुसं एकाच वर्षी बाजारात आली. विंचेस्टर कंपनीने .३०८ काडतुसाच्या केसची (पितळी कवचाची) मान आवळून .२४३ केलं आणि नळीला १० इंचांत एक फेरा असा पीळ दिला. रेमिंग्टन कंपनीच्या .२४४ ची केस थोडी मोठी होती, पण पीळ १२ इंचांत एक. रेमिंग्टनने गिऱ्हाईक धरलं होतं ते लांबून बारीक प्राणी टिपणारं, आणि त्याच्या ७५ ग्रेनच्या गोळीला तो पीळ पुरत होता (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप; १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम). हरणासाठी लोकांना हवी होती १०० ग्रेनची गोळी. ती लांब असल्यामुळे इतक्या संथ फिरकीत स्थिर राहील याची खात्री नव्हती. ज्यांना एका रायफलीत दोन्ही कामं हवी होती त्यांनी .२४३ उचललं. पुढे रेमिंग्टनने पीळ ९ इंचांवर आणला, १९६३ मध्ये नाव बदलून ६ एमएम रेमिंग्टन केलं; तोवर बाजार हातचा गेला होता.

म्हणून दुकानात नळीवरचा शिक्का किंवा कंपनीचं पत्रक बघून पीळ विचारा. १० इंचांत एक फेरा किंवा त्याहून वेगवान (म्हणजे आकडा लहान) असेल तर ५५ पासून १०० ग्रेनपर्यंतच्या नेहमीच्या गोळ्या चालतात. तांब्याच्या गोळीचं मात्र वेगळं आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि जास्त पीळ मागते. या नळीत तांब्याची ८०-८५ ग्रेनची घ्या. कॅलिफोर्नियात असाल तर दुसरा पर्यायच नाही. १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाची गोळी चालत नाही.

सगळ्यात घातक चूक होते ती गोळ्यांची अदलाबदल करण्यात. ५५-५८ ग्रेनची पॉलिमर टोकाची गोळी पातळ जॅकेटची (शिशावरच्या धातूच्या आवरणाची) असते, लागताक्षणी फुटावी म्हणूनच बनवलेली. हरणाच्या खांद्याच्या हाडावर ती वरच्यावर फुटते, आत पोचत नाही, आणि जनावर जखमी होऊन निघून जातं. उलट जाड जॅकेटची १०० ग्रेनची गोळी प्रेअरी डॉगमधून न उमलता आरपार जाते आणि खडकाळ जमिनीवरून उसळते. डबे वेगळे ठेवा आणि शिकारीच्या दिवशी खिशात एकाच प्रकारची काडतुसं असू द्या.

झीरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी ठरलेल्या अंतरावर जुळवणं, हरणाच्या गोळीवर करा. १०० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर दीड-पावणेदोन इंच वर लागेल असा स्कोप लावला, तर २०० वर ती नेमकी बसते आणि ३०० वर सातेक इंच खाली जाते. हलकी गोळी त्याच झीरोवर कुठे लागेल हे गणिताने सांगता येत नाही, कारण नळीची थरथर बदलते आणि गोळी आडवीही सरकते. कागदावर पाच-पाच मारून स्कोपचे किती क्लिक फिरवावे लागतात ते डब्यावरच लिहून ठेवा. .२२ च्या डब्यांचे लॉट (एका खेपेत बनलेला माल) तपासून घेणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तांबं आणि शिसं आलटून-पालटून वापरत असाल तर मध्ये नळी नीट साफ करा, नाहीतर गट, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, पसरतो.

.२४३ ची उणी बाजू म्हणजे उष्णता. केस मोठी, नळीचं भोक लहान, त्यामुळे चेंबरपुढचा (काडतूस बसतं त्या जागेपुढचा) भाग लवकर झिजतो. शिकारी रायफलीच्या बारीक नळीतून लागोपाठ पाच-सहा मारले की थांबा. हात ठेववत नसेल इतकी तापू देऊ नका. दिवसभर प्रेअरी डॉग मारायचे असतील तर सरळ .२२३ ची दुसरी रायफल घ्या. काडतूस स्वस्त, धक्का नगण्य. मात्र तिने हरीण मारायचा मोह नको. कोलोराडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, ७० ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते; .२२३ कॅलिबरमध्येच बाद होते.

हरणंच जास्त आणि कायोटी कधीमधी, असं असेल तर ६.५ क्रीडमोर हे काडतूस बरं. १४० ग्रेनची गोळी साधारण २,७०० फूट प्रतिसेकंद वेगाने जाते, वारा कमी खाते. धक्का .२४३ पेक्षा जास्त, तरी सोसवेल असा. हलक्या गोळ्यांची निवड मात्र .२४३ इतकी मिळत नाही.

खरेदीआधी व्हिसा तपासा. एच-वन-बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगायला संघीय कायद्याची बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद, ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आणि पुण्याला येण्याआधी शिकारीच्या जॅकेटचे आणि बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका. विसरलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडलं, तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.