नव्व्याण्णव चौकोन आणि पाव इंचाची माया

माझ्या भाचीसाठी हाताने शिवलेली ठिगळांची गोधडी पूर्ण व्हायला साडेचार महिने लागले. त्यांतले जवळजवळ दोन महिने मी पुढचे काही शिवलेच नाही, आधी शिवलेले उसवत बसले होते. घरात साठलेल्या चिंध्या घ्यायच्या, चौकोन कापायचे, एकाला एक जोडायचे आणि वरून धावदोरा घालायचा, इतकीच या कामाची माझी समजूत होती. तीतला ‘जोडायचे’ हा शब्द किती महागात पडणार आहे, याची पिशवीतले तुकडे जमिनीवर ओतताना मला जराही कल्पना नव्हती.

तुकडे नाना प्रकारचे होते. विटलेले सुती सदरे, उशांचे अभ्रे, एका पडद्याचा खालचा भाग, माझ्या बहिणीचा शाळेत असतानाचा ठिपक्यांचा झगा आणि कोऱ्या कापडाच्या उरलेल्या दोन पट्ट्या. तयार गोधडी ३६ इंच रुंद आणि ४४ इंच लांब व्हावी आणि प्रत्येक चौकोन शिवून झाल्यावर ४ इंचांचा दिसावा, असे मी ठरवले. शिवणीसाठी चारही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जाणारे जादा कापड, सोडायची, म्हणजे चौकोन साडेचार इंचांचा कापायचा. अशा ९ चौकोनांची एक ओळ आणि ११ ओळी मिळून ९९ चौकोन झाले. कापण्याचे काम चार संध्याकाळींत आटोपले, रंगांची मांडणी एका दुपारी झाली, आणि ओळींतल्या ८८ छोट्या शिवणी मी दोन आठवड्यांत अशा उत्साहाने संपवल्या, की दुसरी गोधडी कोणासाठी शिवायची याचाही विचार करून ठेवला होता.

अकरा तयार ओळी एकमेकींना जोडायला घेतल्या तेव्हा हा उत्साह एका बैठकीत संपला. पहिल्या दोन ओळींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून डावीकडून टाचण्या लावत गेले, तेव्हा पहिला कोपरा जुळला, दुसराही जुळला, चौथ्यापाशी खालची शिवण वरच्या शिवणीच्या पुढे सरकलेली दिसली आणि उजव्या टोकाला एक ओळ दुसरीपेक्षा अंगठ्याच्या रुंदीइतकी लांब निघाली. मग सगळ्या ओळी मोजल्या. टोकांची माया धरून प्रत्येक ओळ साडेछत्तीस इंच भरायला हवी होती. सर्वांत आखूड ओळ पावणेछत्तीस इंच भरली आणि सर्वांत लांब सदतीस.

यानंतर मी जे केले ते कोणीही करू नये म्हणून सविस्तर लिहिते. आधी मी आखूड ओळ ताणून लांब ओळीला लावली. शिवताना सगळे जुळल्यासारखे वाटले, पण कापड जमिनीवर पसरताच लांब ओळीला लाटा आल्या आणि हाताने कितीही दाबल्या तरी त्या दुसरीकडे जाऊन उठू लागल्या. मग ते उसवून लांब ओळींची टोके कापली, आणि बाहेरची कड सरळ झाली तरी आतले कोपरे जिथे चुकले होते तिथेच राहतात, हे कापून झाल्यावर लक्षात आले. त्यानंतर प्रत्येक कोपऱ्यापाशी थोडे ओढून, थोडे सैल सोडून तडजोड करण्याचा प्रयत्न केला. त्यात तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतली शिवण मी तीन वेळा उसवली, आणि तिसऱ्या वेळी जुन्या सदऱ्याच्या चौकोनाच्या दशा इतक्या सुटल्या की माया उरलीच नाही. त्या रात्री सगळे गुंडाळून मी कपाटावर टाकले आणि बारा-तेरा दिवस तिकडे पाहिले नाही.

चूक सापडली ती सासूबाईंमुळे. त्यांनी गाठोडे खाली काढले, एक ओळ उलटी करून मांडीवर पसरली आणि विचारले, “अगं, माया मोजून सोडलीस की अंदाजाने?” मी जरा फणकाऱ्यानेच, पाव इंच डोळ्यांना कळतो, असे उत्तर दिले. त्यांनी काही न बोलता फूटपट्टी आणली आणि एकेका शिवणीवर ठेवून आकडे मोठ्याने वाचू लागल्या. सहा मिलिमीटर, पाच, सात, पुन्हा सात, एके ठिकाणी तर चार. पाव इंच म्हणजे साधारण सहा मिलिमीटर, तेव्हा यांतला कोणताही आकडा एकेकटा पाहिला तर चूक म्हणावी असा नव्हता.

पण गोधडीत चूक एकेकटी राहत नाही. माया एक मिलिमीटर जास्त घेतली की शिवणीच्या दोन्ही बाजूंचे चौकोन एकेक मिलिमीटर आत जातात, म्हणजे प्रत्येक शिवणीत दोन मिलिमीटर कापड खाल्ले जाते. एका ओळीत ८ शिवणी असतात. त्यामुळे ओळ १६ मिलिमीटरने, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त आखूड होते, आणि शेजारची ओळ तितक्याच मायेने उलट्या बाजूला चुकली तर दोघींत सव्वा इंचाचे अंतर पडते. माझ्या सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब ओळींत नेमके तेवढेच अंतर होते. हा हिशोब कागदावर मांडल्यावर मला आधी समाधान वाटले आणि लगेच संताप आला, कारण मी आयुष्यभर आकडेमोडीचेच काम करत आले आहे.

माया हे एकच कारण होते असेही नाही. मी चौकोन कापताना पुठ्ठ्याचा साचा पहिल्या काही तुकड्यांपुरताच वापरला होता. नंतर आळसाने आधी कापलेलाच चौकोन नव्या कापडावर ठेवून कापत गेले, त्यामुळे प्रत्येक नवा चौकोन आधीच्याहून किंचित मोठा होत गेला. आणि बाह्यांच्या तिरक्या उरलेल्या तुकड्यांतून जास्तीत जास्त चौकोन निघावेत म्हणून काही चौकोन मी उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके, कापले होते. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढले तर फारसे वाढत नाही, तिरके ओढले की लगेच वाढते. हे दोन्ही हातांच्या चिमटीत धरून क्षणात तपासता येते आणि मी ते एकदाही तपासले नव्हते. उरेब चौकोन इस्त्रीखालीसुद्धा वाढतात. त्यामुळे शिवणीवर इस्त्री फिरवू नये, ती ठेवावी, दाबावी, उचलावी आणि पुढे ठेवावी.

या काळात माझी समजूत काढण्यासाठी बहिणीने मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांची छायाचित्रे पाठवली. कामाच्या झिजलेल्या कपड्यांच्या तुकड्यांपासून केलेल्या या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरले होते, आणि त्यांतल्या कित्येक रेषा मुद्दाम वाकड्या आहेत. त्या पाहून मी भारावले, पण समजूत मात्र पटली नाही. त्यांची रेघ त्यांना हवी तिथे वळते. माझी रेघ मला सरळ हवी होती आणि ती सरळ येत नव्हती.

शेवटी मी सगळ्या अकरा ओळी उसवल्या. उसवताना प्रत्येक टाका सुईने उचलत बसू नये. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापावा, मग कापड उलटून दुसऱ्या बाजूने दोऱ्याचे तुकडे हलकेच ओढावेत. ते सहज निघून येतात आणि कापडाला इजा होत नाही. ही युक्ती मला आठव्या ओळीला सुचली, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश उसवणे झाल्यावर.

मग पुठ्ठ्याचा बरोबर ४ इंचांचा नवा साचा केला. हा साचा प्रत्येक चौकोनाच्या उलट बाजूला मधोमध ठेवून चारही बाजूंनी पेन्सिलीने शिवणीची रेघ आखली. गडद कापडावर पेन्सिल दिसत नाही, तिथे वाळलेल्या साबणाची पातळ चीप वापरली, कारण तिची रेघ बारीक येते आणि धुतल्यावर जाते. आता कापलेली कड वाकडी असली तरी बिघडत नव्हते, कारण मी तिच्याकडे पाहतच नव्हते. दोन चौकोन समोरासमोर धरून एका रेघेच्या टोकातून टाचणी घालायची, ती दुसऱ्या चौकोनाच्या त्याच टोकातून बाहेर येते का ते पाहायचे, दुसऱ्या टोकालाही तसेच करायचे आणि मगच रेघेवरून धावदोरा घालायचा. दर चार-पाच टाक्यांनी कापड उलटून सुई मागच्या रेघेवरच निघते आहे ना ते तपासायचे. शिवण रेघेच्या टोकाला थांबवायची, मायेत शिरू द्यायची नाही, आणि तिथे एक मागचा टाका घेऊन दोरा पक्का करायचा. ओळी एकमेकींना जोडताना चार चौकोनांचा कोपरा आला की उभी राहिलेली माया दोऱ्याखाली शिवून टाकायची नाही, सुई तिच्या बुडातून पलीकडे काढायची. एका इंचात आठ ते दहा टाके बसले की शिवण पुरेशी घट्ट होते. माझे सुरुवातीला पाचच बसत होते.

याहून अचूक आणि जुनी पद्धत कागदाची आहे. प्रत्येक तुकड्यामागे नेमक्या मापाचा कागद ठेवायचा, माया त्यावर दुमडून कच्चे टाके घालायचे आणि मग काठाला काठ लावून बारीक शिवायचे. इंग्लंडमधल्या एका रेशमी ठिगळकामाच्या पांघरुणावर १७१८ हे साल शिवलेले आहे आणि त्यात हे कागद अजून आतच आहेत. मी सहा चौकोन असे करून पाहिले. कोपरे अप्रतिम आले, परंतु ९९ कागद कापायचे, टाचायचे आणि पुन्हा काढायचे, एवढा धीर माझ्यात उरला नव्हता. ज्यांच्यात आहे त्यांनी जरूर करावे.

रेघ आखल्यानंतर ८८ छोट्या आणि १० लांब शिवणी तीन आठवड्यांत झाल्या, आणि सातव्या ओळीतला एक कोपरा सोडला तर सगळे जुळले. तो एक कोपरा दोन मिलिमीटरने हुकला. मी तो उसवला नाही, कारण सुई हातात घेतली की सासूबाई माझ्याकडे पाहत.

पुढचे काम सरळ होते. खाली अस्तर, मध्ये बॅटिंग म्हणून मिळणारा कापसाचा तयार थर आणि वर जोडलेले चौकोन असे तिन्ही थर जमिनीवर सपाट पसरले, मधून बाहेरच्या बाजूला वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले, दोन-दोन इंचांवर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या आणि कडेला दुहेरी गोट लावला. अस्तर सगळ्या बाजूंनी दोन इंच मोठे ठेवावे. टाचण्या मोजून काढाव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात. मी साठ काढल्या होत्या आणि एकोणसाठ परत आल्या, साठावी गोटाच्या घडीत सापडेपर्यंत मी गोधडी कोणाच्या हाती लागू दिली नाही.

सुरुवातीलाच सांगायला हवे होते ते आता आठवले. सगळे तुकडे कापण्याआधी कोमट पाण्यात धुवावेत, कारण कोरे सुती कापड शेकडा तीन ते पाच टक्के सहज आटते आणि आधी कित्येकदा धुतलेला सदरा आटत नाही. दोघे शेजारी शिवले तर पहिल्या धुण्यात एक दुसऱ्याला ओढतो. लाल आणि गडद निळ्या तुकड्यांचा रंग जातो का, ते ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून पाहावे. होजिअरीचे तुकडे मऊ असतात म्हणून मोह होतो, पण ते रबरासारखे ताणतात. घ्यायचेच असतील तर मागून इस्त्रीने चिकटणारे पातळ फ्यूजिंग लावूनच घ्यावेत. बटणे, मणी, टिकल्या, सुटी लेस यांतले काहीही लहान मुलाच्या गोधडीवर नको, कारण ते तुटून तोंडात जाते. आणि एक वर्षाच्या आतील बाळाच्या झोपण्याच्या जागी गोधडी ठेवूच नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही सुटी पांघरुणे आणि मऊ वस्तू त्या जागेपासून दूर ठेवण्यास सांगितले आहे. आमच्या भाचीने पहिले वर्ष होईपर्यंत ती जमिनीवर पसरून, मोठ्या माणसांच्या नजरेसमोर पोटावर खेळण्यापुरतीच वापरली.

धुण्याचा हा सगळा उपदेश करणारी मी बॅटिंग मात्र आधी भिजवायला विसरले होते. पहिल्या धुण्यात आतला कापूस आटला, गोधडीची लांबी पावणेदोन इंचांनी कमी झाली आणि वरच्या कापडावर धावदोऱ्याच्या दोन्ही बाजूंना सगळीकडे बारीक सुरकुत्या पडल्या. स्पर्शाला ती आधीपेक्षा कितीतरी मऊ लागत होती. सातव्या ओळीतला चुकलेला कोपरा बहिणीला दाखवावा म्हणून मी चष्मा लावून दोरीवरची गोधडी दोनदा वरून खालपर्यंत पाहिली, पण त्या सुरकुत्यांत एकही कोपरा नीट दिसत नव्हता, ना चुकलेला, ना मी तीन-तीनदा उसवून जुळवलेला.