आमची वाटचाल : बाईंच्या क्लासपासून स्टुडिओपर्यंत

आमच्या चित्रकलेच्या स्टुडिओच्या बाहेरची पाटी माझ्या नावाची, शॉप ॲक्टचा दाखला माझ्या नावावर, जीएसटीचे रिटर्न भरते तीही मीच. पण दारात आलेलं प्रत्येक मूल विचारतं ते "बाई आहेत का?" बाई म्हणजे माझी आई. म्हणून आधी तिच्याविषयी.

आई मुंबईच्या जेजेत, म्हणजे जे. जे. कला महाविद्यालयात शिकली. तिथे मुलगी असणं तेव्हा नवलाचं राहिलं नव्हतं. चित्रकार अंबिका धुरंधर 1931 सालीच जेजेची पदविका घेऊन बाहेर पडल्या होत्या. पण त्यांचे वडील म्हणजे खुद्द नामवंत चित्रकार धुरंधर मास्तर, घरातच रंग आणि घरातच गुरू. आईला जवळच्या वाटायच्या त्या चित्रकार बी. प्रभा. नागपूरजवळच्या बेला गावातून आलेल्या, आधी नागपुरात आणि मग जेजेत शिकलेल्या. त्यांच्या उंच, शेलाट्या कोळणींचं मासिकातून कापलेलं एक चित्र आईच्या रंगाच्या पेटीत झाकणाच्या आत चिकटवलेलं आहे. रंग पार विटलेत, पण ती ते काढू देत नाही.

चित्रं काढून पोट भरेल यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. तडजोड म्हणून तिने ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केली आणि शाळेत चित्रकला शिक्षिका झाली. कोणत्याही कलाशिक्षकाला विचारा, पुढचं तो न सांगता सांगेल. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जायचा. स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांसाठी रांगोळी, प्रमाणपत्रांवर सुवाच्य अक्षरात नावं, सगळं हिच्याकडे. फलकलेखन मात्र ती मनापासून करायची. काळ्या फळ्यावर हात टेकता येत नाही, रेघ मनगटातून नाही तर खांद्यातून येते. तिच्या मोठ्या जलरंगचित्रांत जो मोकळा हात दिसतो तो फळ्यावर कमावलेला आहे, असं मी गिऱ्हाइकांना सांगते. ती म्हणते, काहीतरीच.

क्लास सुरू झाला आमच्या पुढच्या खोलीत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांसाठी. शासनाच्या कला संचालनालयाच्या चित्रकलेच्या या दोन ग्रेड परीक्षा महाराष्ट्रातल्या किती घरांना ठाऊक आहेत हे वेगळं सांगायला नको. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे बरीच मुलं आईवडिलांच्या आग्रहाखातर येतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. आमचं भाडं त्याच गुणांवर निघतं. आणि आठवीतलं पोर तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळं नीट काढायला शिकलं, दोन्ही टोकांना टोकदार न करता, तर ते गुण फुकटचे नाहीत.

आईचं भांडण स्मरणचित्राशी, म्हणजे समोर काही न ठेवता आठवणीतून काढायच्या चित्राशी होतं. म्हणजे पेपराशी नव्हे, तो शिकवण्याच्या पद्धतीशी. या धंद्यात एक सोपा मार्ग आहे. पाठमोरी बाई, सायकलवाला, टोपलीवाली, काठी टेकलेले आजोबा, अशा ठरावीक आकृत्या मुलांकडून घोटून घ्यायच्या. विषय मंडईचा येवो नाहीतर बागेचा, त्याच मंडळींना तिथे नेऊन बसवायचं. श्रेणी मिळून जाते. फक्त स्मरणचित्रात स्मरण तेवढं पाढ्यांसारखं उरतं.

आई मुलांना जवळच्या बसथांब्यावर न्यायची, वही-पेन्सिल घरी ठेवून. नुसतं बघायचं. परत आल्यावर प्रश्न सुरू. त्या काकांचा भार कुठल्या पायावर होता? ज्या पायावर भार, त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. खरंच तसं होतं का? जड पिशवी एका हातात असली की अंग कुठे कलतं? लांबच्या माणसाचं डोकं जवळच्या माणसाच्या डोक्याच्या रेषेत का येतं, आणि पाय का वर सरकतात? हे यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं-लांबचं कागदावर दाखवण्याचे नियम, पुस्तकातून सांगितले की मुलं जांभया देतात. रांगेत उभ्या माणसांवर सांगितलं की पुढचे आठ दिवस घरच्यांना उभं करून तपासत बसतात.

पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा. "दुसरीकडे छापील आकृत्यांची वही देतात, तुम्ही का नाही देत?" असं मला तोंडावर विचारलंय. काही मुलं गेलीही. हिशोब बघणारी मी, मला ते दिसत होतं. पण राहिलेली मुलं एलिमेंटरी झाल्यावरही टिकायची, धाकट्या भावंडांना आणायची, आणि मला तो हिशोबही दिसत होता. वही आम्ही आजही देत नाही.

मी यात उतरले तेव्हा फीचा हिशोब म्हणजे कपाटातली पाकिटं. कुणी दिली, कुणी नाही, आईला विचारणं व्यर्थ. नोंदणी, पावत्या, वेगळं बँक खातं ही कामं कंटाळवाणी होती, त्यावर जास्त लिहीत नाही. फ्रेमिंग सुरू केलं ते मात्र रागाने. तिचं एक चित्र बाहेरून फ्रेम करून आलं ते काचेला चिकटवूनच. पावसाळ्यात आत दमट हवा कोंडली, रंग काचेवर उतरला, कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके आले. तेव्हापासून आमच्याकडे कागदावरच्या कुठल्याही कामाला माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट लागतेच, त्यामुळे काच आणि चित्र यांच्यात जागा राहते. मागे आम्लविरहित बोर्ड, कारण साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत कागद पिवळा पडतो. महाग पडतं. गिऱ्हाईक कुरकुरतं. चित्र थेट उन्हाच्या भिंतीवर लावू नका, अलिझरिनसारखे लाल रंग उडतात, हेही आम्ही पावतीसोबत सांगतो.

2020 साली ग्रेड परीक्षा झाल्याच नाहीत आणि आमचा पाया हलला. ऑनलाइन शिकवताना फोनचा कॅमेरा जवळच्या वस्तू फुगवून दाखवायचा, आई वैतागायची. त्या काळात फ्रेमिंग आणि फोटोवरून व्यक्तिचित्रं यांनी आम्हाला तारलं. फोटोवरून काम तिला आवडत नाही. तिने ते केलं.

आता रोजच्या बॅच दोघी जणी घेतात, दोघीही आमच्याच विद्यार्थिनी, पुढे ए.टी.डी. केलेल्या. स्मरणचित्राचा तास अजून आईचा. सकाळी ती स्वतःचं काम करते आणि त्या वेळात तिला फोन द्यायचा नाही असा नियम आहे. दुपारी मोठ्या बायकांची बॅच नव्याने सुरू केली. त्यातल्या बऱ्याच जणींचं चित्र इंटरमिजिएटनंतर सुटलेलं. रंग सफाईने लावतात, माणूस काढायचा म्हटलं की हात आखडतो.

दुसरी शाखा काढावी असं माझ्या मनात आहे. जागा बघणं चालू आहे. खिडकी उत्तरेला हवी, म्हणजे दिवसभर उजेड सारखा राहतो आणि वस्तूंच्या सावल्या सरकत नाहीत, ही आईची अट. भाडं परवडायला हवं, ही माझी. दोन्हींत बसणारी जागा अजून सापडलेली नाही.