तोपकापीला उतरले

परदेशी लेकीकडे जाताना मधल्या विमानतळावर नऊ तास मी एका खुर्चीत काढले. लेकीने काळजीपोटी माझ्या नावावर व्हीलचेअर लावली होती. ती ढकलणाऱ्या मुलाने मला एका काचेच्या खोलीत नेऊन बसवलं, विमानाच्या वेळेला न्यायला येतो म्हणाला आणि गेला. खोलीत माझ्यासारखेच दहा-बाराजण होते, गुजराती, तेलुगू, पंजाबी, सगळे मुलांकडे निघालेले. प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी, मुठीत पासपोर्ट. बाथरूमला जायचं तरी शेजारणीला सांगून जायचं, कारण तेवढ्यात न्यायला आले तर? काचेपलीकडे एक अख्खा देश होता आणि मला त्याच्या हवेचा वासही मिळाला नाही.

म्हणून नातवाचं बारसं उरकल्यावर परतीचं तिकीट काढायची वेळ आली तेव्हा मी जावईबापूंना सांगितलं, "मधला थांबा मोठा असला तरी चालेल. मोठाच बघा. आणि इस्तंबूलचा बघा." लेक म्हणाली, "आई, गुडघे?" मी म्हटलं, "गुडघे माझ्यासोबत येतील. व्हीलचेअर नको."

इस्तंबूलच का, ते सांगते. मी साताऱ्याला अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवला. शाळा सुरू झाली की आठवीच्या वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहायचे. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जिंकलं, खुष्कीचे व्यापारी मार्ग त्यांच्या ताब्यात गेले, म्हणून युरोपचे दर्यावर्दी समुद्रातून हिंदुस्थानची वाट शोधायला निघाले. मग वास्को द गामा, १४९८, कालिकत. मग पोर्तुगीज, गोवा, वसई. 'कारणे लिहा'मध्ये हमखास येणारा प्रश्न. अठ्ठावीस वर्षं मी ते शहर खडूने एका ठिपक्यात दाखवलं. तो ठिपका आता वाटेत येत होता.

व्हिसाचं आधी सांगते, कारण आपली माणसं तिथेच अडतात. भारतीय पासपोर्ट असला आणि त्यावर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असतो तो) चालू व्हिसा असला, तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. तो तिथल्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढायचा. नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचायचे. बॅगा थेट मुंबईपर्यंत जातील ना, हे काउंटरवर विचारायचं आणि टॅगवर मुंबईची अक्षरं आपल्या डोळ्यांनी बघायची. थांबा सहा ते चोवीस तासांचा असेल तर टर्किश एअरलाइन्स आपल्या प्रवाशांना शहराची फुकट सहल घडवते, खाण्यापिण्यासकट. व्हिसा मात्र आपला आपण काढायचा. एकटं फिरायची धास्ती वाटत असेल तर ती सहल घ्यावी. मी घेतली नाही, कारण मला जी जागा बघायची होती ती त्यांच्या यादीत नव्हती.

विमान पहाटे उतरलं. मुंबईचं विमान रात्री आठनंतर. पहिली पाटी दिसली ती 'हवालिमानी'ची. तुर्कीत विमानतळाला हवालिमानी म्हणतात. लिमान म्हणजे बंदर, आणि हवा म्हणजे आपली हवाच. हवेचं बंदर! सामान ठेवायच्या काउंटरवर लिहिलं होतं 'एमानेत'. मी दोनदा वाचलं. अमानत. आपण घर भाड्याने देताना जी अनामत घेतो, तोच हा शब्द. हातातली बॅग त्या एमानेतमध्ये दिली, चिठ्ठी पाकिटात नीट ठेवली, ओढणी आणि पाण्याची बाटली खांद्याच्या पिशवीत घेतली आणि मेट्रोकडे निघाले.

विमानतळ जुन्या शहरापासून चाळीसेक किलोमीटर लांब, पार काळ्या समुद्राच्या बाजूला आहे. मशीनमधून इस्तंबूलकार्ट घ्यायचं, तेच मेट्रोला आणि ट्रॅमला चालतं. एम ११ने गायरेत्तेपे, तिथून लांबलचक बोगद्यातून चालत जाऊन एम २. शिशहानेपर्यंत ही गाडी जमिनीखालून जाते. मी स्टेशनं मोजत बसले होते आणि एकदम डब्यात ऊन आलं. गाडी पुलावर होती. दोन्ही बाजूंना पाणी, पलीकडच्या टेकडीवर घुमट आणि मिनार. गोल्डन हॉर्न!

फळ्यावर मी ही खाडी गाईच्या शिंगासारखी काढायचे आणि तिच्या तोंडाशी आडवी रेघ मारायचे. ती रेघ म्हणजे बायझंटाइनांनी, तेव्हा हे शहर ज्यांचं होतं त्या पूर्व रोमन साम्राज्याच्या लोकांनी, लावलेली लोखंडी साखळी, शत्रूची जहाजं आत येऊ नयेत म्हणून. ऑटोमन सुलतान मेहमद तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याने साखळी तोडायचा नाद सोडला आणि जहाजंच डोंगरावरून आणली. लाकडी ओंडके अंथरले, त्यांना चरबी चोपडली आणि सत्तरेक जहाजं खाडीपलीकडच्या गलाता या वस्तीच्या मागच्या चढावरून ओढत या पाण्यात सोडली. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. आता तो चढ माझ्या मागे होता आणि पाणी पायाखाली. जेमतेम एका मिनिटाचा पूल. माझे डोळे भरून आले, त्यात गाडी पुन्हा बोगद्यात शिरली.

वेझनेजिलेरला उतरून थोडं चालून लालेलीला टी १ ट्रॅम धरली आणि 'तोपकापी' या थांब्यावर उतरले. इथे एक सूचना. तोपकापीचा राजवाडा बघायचा असेल तर तोपकापीला उतरू नका! राजवाडा याच ट्रॅमवर, पण पाऊण शहर अलीकडे, सुलतानअहमतजवळ आहे. हा थांबा आहे तटबंदीच्या वेशीचा. तोप म्हणजे तोफ, कापी म्हणजे दरवाजा. तोफदरवाजा. मेहमदाची सगळ्यात मोठी तोफ, ऑर्बान नावाच्या हंगेरियन कारागिराने ओतलेली, याच वेशीसमोर लागली होती.

समोर तट उभा होता.

मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेली बाई. भिंत बघायला मला कोणी शिकवायला नको. आपल्याकडे काळा कातळ, एकावर एक बसवलेले चिरे. इथे पांढुरक्या चुनखडीचे चौकोनी दगड आणि मधेमधे तांबड्या विटांचे पट्टे, साडीच्या काठासारखे. जवळ जाऊन एका पट्ट्यावर तळवा ठेवला. विटा पातळ, आपल्या विटेच्या निम्म्या जाडीच्या, आणि दोन विटांमधला चुन्याचा थर जवळजवळ विटेइतकाच. चुन्यात विटेचे बारीक तुकडे कालवलेले दिसत होते, शिऱ्यात बदामाचे काप दिसावेत तसे. हे पट्टे शोभेचे नाहीत. ते भिंतीच्या जाडीतून आरपार जातात आणि आतला भराव बांधून ठेवतात. एका फटीतून अंजिराचं रोप वर आलं होतं, त्याला हिरवी फळं धरली होती.

हा तट साधारण ४१३ सालचा. आधी खंदक, मग बाहेरची भिंत, मग आतली उंच भिंत. जमिनीच्या बाजूने हजार वर्षं कोणालाही तो फोडून शहर घेता आलं नाही. मग ५३ दिवसांचा वेढा आणि २९ मे १४५३. मला साताऱ्याचा वेढा आठवला. १६९९च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब येऊन बसला होता, किल्ल्यावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी सुरुंग लावला तर तट त्यांच्याच माणसांवर कोसळला. तरी एप्रिलमध्ये किल्ला द्यावाच लागला. वेढ्यात सापडलेल्या माणसांचं काय होत असेल, हे मी पोरांना कधी पुरेसं सांगितलं नाही. तारखा सांगितल्या.

तिथून जवळच एक चहाची टपरी होती, चार बुटकी स्टुलं. चहा म्हणजे चायच. मला मधुमेह आहे, म्हणून लेकीने पाठ करून घेतलेला शब्द म्हटला, "शेकरसिझ", साखरेशिवाय. म्हातारबाबा हसले. कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात लालभडक चहा आला. पेला कडेने धरावा लागतो, मधे बोट ठेवलं की चटका बसतो. तटाकडे बोट दाखवून मी स्वतःकडे बोट केलं आणि पुस्तक उघडल्याचा अभिनय केला. त्यांना कळलं. पैसे काढले तर त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मिसाफिर." आपल्याकडे मुसाफिर म्हणजे प्रवासी. तुर्कीत तोच शब्द पाहुण्याला वापरतात.

बाकीचा दिवस तुम्हाला कुठल्याही यादीत सापडेल. आया सोफिया मशीद बघितली, पर्यटकांना वरच्या सज्जात जायचे २५ युरो पडतात, ओढणी डोक्यावर हवी, आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जाऊ नये. पण मला सांगायचंय ते एमिनोन्यूच्या मसाल्याच्या बाजाराबद्दल. दालचिनीच्या राशीवर पाटी होती, 'तारचिन'. आपल्या दालचिनीचीच बहीण. मी वर्गात "मार्ग बंद झाले" असं ठोकून सांगायचे. ते तितकंसं बरोबर नव्हतं. १४५३नंतरही व्हेनिसचे व्यापारी इजिप्तमधून मसाले नेतच होते. मार्ग मिटले नव्हते. प्रश्न भावाचा, जकातीचा आणि नफा कोणाच्या पदरात पडतो याचा होता. निवृत्तीनंतर वाचताना हे कळलं तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना ते सांगायचं राहिलं.

साडेतीनला परत फिरले. विमानाच्या आधी तीन तास विमानतळावर पोचायचं, आणि शहरातून तिथे जायला दीड-दोन तास धरायचे, यात काटकसर करू नये. टर्मिनल इतकं मोठं आहे की पासपोर्टची रांग संपल्यावरही गेटपर्यंत चांगली चाल असते. एमानेतमधून बॅग घेतली. वरच्या कप्प्यात नातवाचं झबलं होतं, न धुतलेलं, मुद्दाम तसंच आणलेलं. गुडघे ठणकत होते, गेटवर बसून त्यांना बाम लावला.

मग फोटो पाठवायला घेतले. लेकीला चहाचा. माझी एक विद्यार्थिनी आता पंढरपूरकडे आठवीलाच इतिहास शिकवते, तिला तटाचे सगळे. भारतात रात्र झाली होती, तरी लगेच उत्तर आलं. "बाई, परवाच हा धडा घेतेय. चौथ्या फोटोतलं खिंडार तोफेचं का?"

मी तो फोटो मोठा करून पुन्हा बघितला. तिला लिहिलं, "सांगता येत नाही गं. १८९४च्या भूकंपातही हा तट पडला होता. मुलांना फोटो दाखव आणि विचार, तोफेने पडलेली भिंत आणि भूकंपाने पडलेली भिंत कशी ओळखायची."