दिसला नाही

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा आधी शाळेत जाऊन आलो. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी आमची सहा इंची दुर्बीण उभी होती. कपाटात निरीक्षणाची वहीही सापडली. त्यात १६ नोव्हेंबर १९८५ च्या पानावर माझ्या हातचे एक चित्र आहे, आणि त्या चित्रावर मीच मारलेली तिरपी रेघ. मला लिहायचे आहे ते त्या रेघेविषयी.

पण आधी दुर्बीण. विज्ञानाच्या सरांनी ती विकत आणली नव्हती, आमच्याकडून घडवून घेतली होती. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये कारबोरंडमची, म्हणजे काच घासणारी कठीण पूड आणि पाणी. खालची चकती पिंपावर घट्ट बसवायची, वरची तिच्यावर मागेपुढे घासायची, आणि थोड्या थोड्या वेळाने पिंपाभोवती एक पाऊल सरकायचे. एवढ्यानेच वरची काच खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. वरचीचाच पुढे दुर्बिणीचा आरसा होतो. मी तेव्हा आठवीत होतो. शाळा सुटली की पाळीपाळीने आम्ही त्या पिंपाला प्रदक्षिणा घालायचो. पूड ताजी असताना करकर आवाज यायचा, बोथट झाली की नुसती सुरसुर. आधी जाडी पूड, मग बारीक, मग आणखी बारीक, आणि शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सिरियम ऑक्साइडने चकाकी. इतके महिने घासून मधली खोली किती, तर सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. खरी मेहनत त्या खोलीला नेमका आकार देण्याची. त्यासाठी सर दिव्याचा बारीक ठिपका आणि दाढीचे पाते घेऊन फुकोची चाचणी करायचे. एकदा त्यांनी मला काचेवर अंगठा टेकवून उचलायला सांगितले. अंगठ्याच्या उबेने तिथली काच फुगली होती. पात्याच्या सावलीत तो फुगवटा टेकडीएवढा दिसला आणि बघता बघता विरून गेला. नंतर कितीतरी पाहिले, पण ती टेकडी अजून डोळ्यांसमोर आहे.

नेत्रिका, म्हणजे डोळा लावायची भिंगे, दोनच होत्या, २५ मिलिमीटरची आणि १० ची. आरशाचे नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून उजेड एकवटतो तिथवरचे, १२०० मिलिमीटर; त्याला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागायचे. म्हणजे एकीने ४८ पट दिसायचे, दुसरीने १२० पट. आम्हा सगळ्यांना दहाचीच हवी असायची. सर म्हणायचे, "किती पट मोठे ते विचारू नका रे, किती उजेड गोळा होतो ते विचारा. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते, आरसा दीडशेचा आहे. करा हिशोब." हिशोब साडेचारशे पटींचा यायचा. धूमकेतूसाठी मात्र ते पंचवीसचीच लावत. धूमकेतूचा उजेड आधीच पसरट, त्याला आणखी ताणले की तो आकाशाच्या पार्श्वभूमीत मिसळून जातो.

त्या नोव्हेंबरात हॅलेचा धूमकेतू कृत्तिकांच्या जवळून चालला होता. नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगा तो अजून झाला नव्हता. चतुर्थीच्या सुमाराची कोर मावळल्यावर मैदानातले दिवे बंद करून आम्ही रांग लावली. विजेरीच्या काचेला लाल जिलेटीन बांधलेले होते, कारण पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की अंधाराला सरावायला पुन्हा वीस-पंचवीस मिनिटे लागतात. सरांनी कृत्तिकांवरून दुर्बीण दोनएक अंश दक्षिणेला सरकवली आणि एकेकाला बोलावले. माझ्या आधीचे सगळे "दिसला, दिसला" म्हणत गेले. मी डोळा लावला. तारे, फक्त तारे. मागून ढकलाढकल चालली होती. मी म्हणालो, "दिसला, सर."

"चित्र काढ," म्हणाले.

मी वहीत एक गोळा काढला आणि त्याला वर्तमानपत्रातल्यासारखी लांब झुपकेदार शेपटी काढली. सरांनी लाल उजेडात ते पाहिले. रागावले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कृत्तिका आत्ता संध्याकाळी उगवतात, म्हणजे सूर्य आपल्या कुठल्या बाजूला?"

"पाठीमागे."

"आणि शेपटी कुठल्या दिशेला असते?"

सूर्याच्या उलट. म्हणजे धूमकेतूच्या पलीकडे, थेट त्याच्या मागे. असली तरी आपल्याला अशी लांबलचक दिसणार नव्हती. मी काहीच बोललो नाही. "रांग संपू दे, मग परत ये," एवढेच ते म्हणाले.

सगळे गेल्यावर त्यांनी मला स्टुलावर बसवले. "सरळ बघू नकोस. त्या जोडताऱ्याकडे बघ, पण लक्ष शेजारी ठेव." डोळ्याच्या मधोमध रंग ओळखणाऱ्या पेशी दाटीने असतात, मंद उजेड ओळखणाऱ्या पेशी कडेला; म्हणून मंद वस्तू कडेच्या नजरेने पाहायची. तरी काही दिसेना. मग त्यांनी नळीवर बोटाने हलकीशी टिचकी मारली. सगळे चित्र थरथरले, आणि त्या थरथरीत एक धुरकट ठिपका ताऱ्यांबरोबर हलला. आरशावर श्वास सोडल्यावर उमटावा तसा. थरथर थांबली तरी तो राहिला. मला रडू आले, ते आनंदाने की शरमेने, आजही सांगता येत नाही. वही मागून घेतली आणि चित्रावर रेघ मारली. खाली सरांनी वेळ लिहिली, नेत्रिका लिहिली आणि म्हणाले, "दिसले नाही तर दिसला नाही असे लिहायचे. तीही नोंदच असते."

सर एक गोष्ट नेहमी सांगत. हॅलेने भाकीत केलेला धूमकेतू परत येतो का, याची सगळे वाट पाहत होते. तो २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री पहिल्यांदा दिसला पालित्श नावाच्या हौशी शेतकऱ्याला. पॅरिसहून मेसिये हा खगोलनिरीक्षकही शोधतच होता. त्याला सापडायला जानेवारी १७५९ उजाडला. धूमकेतूसारखे भासणारे धुरकट ठिपके फसवू नयेत म्हणून याच मेसियेने पुढे त्यांची यादी केली. आणि २३ जुलै १९९५ ला हेल आणि बॉप या दोघांना, वेगवेगळ्या ठिकाणी, धूमकेतू सापडला तो त्याच यादीतला ७० क्रमांकाचा तारकागुच्छ पाहताना! ही बातमी वाचली तेव्हा सरांना सांगायला मी धावत गेलो होतो.

हेल-बॉप १९९७ मध्ये कितीतरी आठवडे दिसला. पिवळसर, वळलेली धुळीची शेपटी आणि सरळ, निळसर वायूची, दोन्ही वेगवेगळ्या. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये ह्याकुताके धूमकेतू पृथ्वीपासून दीड कोटी किलोमीटरवरून गेला. ध्रुवताऱ्याजवळचा तो पसारा दुर्बिणीत मावेना, नुसत्या डोळ्यांनीच पाहावा लागला. २०१३ मध्ये आयसॉन धूमकेतूसाठी डिसेंबरच्या पहाटे ठरवून ठेवल्या होत्या. तो २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालतानाच विखुरला. माझ्या घरच्या वहीत त्या पानावर "दिसला नाही" एवढेच आहे.

शाळेच्या दुर्बिणीचा आरसा मी काढून पाहिला. मुलामा कडेने उडाला आहे आणि मध्ये कुणीतरी फडक्याने पुसल्याचे ओरखडे आहेत, पण काच शाबूत आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर आरशाला ॲल्युमिनियमचा नवा मुलामा मी माझ्या खर्चाने देऊन आणीन आणि दुर्बीण जुळवूनही देईन. हॅले डिसेंबर २०२३ मध्ये सूर्यापासून सर्वांत दूर पोहोचला आणि आता परतीला लागला आहे. जुलै २०६१ मध्ये तो सूर्याजवळ येईल, तेव्हा आज आठवीत असलेली मुले पन्नाशीच्या आसपास असतील. तोवर त्यांनी पाहण्यासारखे बरेच आहे. वहीतली पाने निम्म्याहून अधिक कोरी आहेत. पेन्सिल बांधायचा दोराही जागेवर आहे.