पंख्यांनी पाऊस पळवला का?

पवनचक्क्यांमागच्या वाऱ्याचं गणित मांडणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, हे कळलं की साताऱ्याकडची माणसं हमखास विचारतात, "काय हो, या पंख्यांनीच आमचा पाऊस पळवला ना?" 2003 च्या आसपासच्या दुष्काळात सातारा, सांगली, धुळ्यात अनेकांची तशी खात्रीच होती.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाही पळवला. मोठ्या पावसाचे ढग कित्येक किलोमीटर उंच चढतात. तिथल्या जुन्या चक्क्यांचं पातं जमिनीपासून शंभरेक मीटरच्या पुढे जात नाही. माण-खटाव कोरडे आहेत ते सह्याद्रीच्या आडोशामुळे, आणि ते चक्क्या यायच्या कैक पिढ्या आधीपासून.

शंका मात्र अगदीच वेडगळ नाही. चक्की वाऱ्यातली ऊर्जा काढून घेते, तेव्हा तिच्यामागे वारा मंदावतो आणि घुसळला जातो. त्या पट्ट्याला आम्ही वेक म्हणतो. ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. पुढच्या रांगेला सेकंदाला 9 मीटर वारा असेल आणि मागच्या रांगेला 7, तर मागे निम्म्याहून कमी ऊर्जा उरते. डेन्मार्कजवळच्या समुद्रातल्या हॉर्न्स रेव्ह या पवनचक्की प्रकल्पाचा 2008 चा एक फोटो प्रसिद्ध आहे. चक्क्यांमागे धुक्याचे लांबलचक पट्टे उठलेत, आणि मागच्या रांगा त्या पट्ट्यांतच उभ्या!

हे मोजायला डेन्मार्कच्याच येन्सन यांनी 1983 मध्ये सोपं मॉडेल दिलं: वेक शंकूसारखा सरळ रेषेत रुंदावतो असं धरायचं. पेन्सिलीनं कागदावर सुटतं, अजूनही वापरतात. पण ते सपाट जागेसाठी. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर वारा कडा चढून येतो, तिथे माझा त्यावर फारसा भरवसा नाही. शिवाय उन्हानं तापलेल्या दुपारी हवा खालीवर होते, वेक लवकर विरतो. शांत रात्री तो लांबवर टिकतो. उत्तर समुद्रात हवा स्थिर असताना विमानानं मोजलं, तर अख्ख्या प्रकल्पाचा वेक 50 किलोमीटरच्याही पुढे सापडला.

त्यामुळे पावसापेक्षा मला चिंता आहे ती शेजाऱ्यांची. जुन्या चक्क्या काढून मोठ्या बसवायच्या, तर केंद्राच्या 2016 च्या धोरणानं दोन चक्क्यांमधल्या अंतराची अट, म्हणजे पात्यांच्या चक्राच्या व्यासाच्या वाऱ्याच्या दिशेत सातपट आणि आडवं पाचपट, शिथिल केली. जागा वाचते, कबूल. पण मागच्या चक्कीचा मालक वेगळा असेल, तर त्याच्या घटलेल्या युनिटांची भरपाई कुणी द्यायची?